स्नानाची वही आणि माशांची वही

कारखान्याच्या गुणवत्ता-प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. आत येणारा कच्चा माल, बाहेर पडणारा पक्का माल आणि गटाराच्या तोंडाशी येणारे सांडपाणी, या तिन्हींचे नमुने तपासणे हे रोजचे काम होते. त्यामुळे निवृत्तीनंतर ओळखीतल्या मंडळींनी नदीचे पाणी तपासायचे मनावर घेतले, तेव्हा ते काम आपसूक माझ्या गळ्यात पडले. निमित्त घरगुतीच होते. बडोद्यात दांडिया बाजार आणि आसपासच्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या अनेक मराठी कुटुंबांत दत्तभक्ती आहे. टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला गरुडेश्वरी जाणे, चांदोदला नर्मदेत स्नान करणे आणि नावेतून ओरसंगच्या संगमापर्यंत जाऊन येणे, हा कार्यक्रम वर्षातून एकदा तरी ठरलेला असतो. मोठी माणसे तीन बुड्या मारून काठावर येतात; मुले मात्र तासभर पाण्यातून हलत नाहीत आणि खेळता खेळता ते पाणी त्यांच्या पोटातही जाते. मुलांना असे डुंबू द्यावे की नाही, असा तरुण आईवडिलांचा प्रश्न होता.

दुसरा प्रश्न माझ्या भाचीचा होता. ती प्राणिशास्त्र शिकते आणि बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीवरून तिच्या मित्रमैत्रिणींत वाद झाला होता. "मामा, एवढ्या मगरी त्या पाण्यात राहतात, काठावर अंडी घालतात, त्यांची पिल्ले वाढतात, मग ही नदी मेली आहे असे लोक कशाच्या आधारावर म्हणतात?" असे तिने विचारले. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकेका शब्दात मिळावीत, अशी साऱ्यांची अपेक्षा होती आणि मी रसायनशास्त्राचा माणूस असल्यामुळे तो शब्द माझ्याकडे तयारच असेल, असाही समज होता.

सुरुवातीला मापदंड कोणते लावायचे ते ठरवावे लागले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्या-तलावांच्या पाण्याचे उपयोगानुसार 'ए' ते 'ई' असे पाच वर्ग केले आहेत. त्यांतला 'बी' वर्ग उघड्यावरील स्नानासाठी आहे. त्यात एकूण कोलिफॉर्म जिवाणू (आतड्यांत आणि मातीतही आढळणारा एक गट) १०० मिलिलिटरमागे ५०० किंवा त्याहून कमी, सामू (पीएच) ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा अधिक आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅम किंवा कमी असावा लागतो. 'डी' वर्ग वन्यजीव आणि मत्स्यजीवनासाठी आहे. त्यात सामूची मर्यादा तीच, प्राणवायू ४ मिलिग्रॅम किंवा अधिक आणि मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबाने १.२ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. हे दोन वर्ग शेजारी ठेवून सावकाश वाचले, तर 'डी'मध्ये जिवाणूंचा उल्लेख नाही आणि 'बी'मध्ये अमोनियाचा नाही, हे दिसते. त्यात काही चूक नाही. माणसाच्या विष्ठेतील जिवाणूंनी माशाला जुलाब होत नाहीत. आणि स्नान करणारा हवेत श्वास घेत असल्यामुळे पाण्यातला प्राणवायू चारवर आला म्हणून त्याचा जीव घुसमटत नाही. स्नानाच्या निकषात प्राणवायू येतो तो खूण म्हणून, कारण तो घसरला तर जवळपास सांडपाणी मिसळत असण्याची शंका येते. माशांच्या निकषात तोच प्राणवायू म्हणजे साक्षात जगणे असते. एकच आकडा, पण दोन्हीकडे त्याचा अर्थ निराळा.

भाचीने म्हणूनच दोन वह्या घातल्या, एक स्नानाची आणि एक माशांची. एका ठिकाणचा एकच नमुना दोन्ही वह्यांत स्वतंत्रपणे लिहायचा आणि एका वहीतला निष्कर्ष दुसरीत उतरवायचा नाही, असा दंडक तिने घातला. मला तो आधी जरा पोरकट वाटला होता. पुढे मात्र साऱ्या कामाचा कणा तोच ठरला.

स्नानाच्या वहीचे काम चांदोदला चाले. नमुना कोठून घ्यावा यावरून पहिल्याच वेळी नावाड्याशी चर्चा झाली. "अहींथी ना लेशो साहेब, वच्चेथी लो, त्यां चोख्खुं छे," असे तो कळकळीने सांगत होता आणि त्याचे म्हणणे खरेही होते. प्रवाहाच्या मध्यावर पाणी स्वच्छ असणारच. पण मुले मध्यावर डुंबत नाहीत. ती पायऱ्यांपासून चार हातांवर, कमरेइतक्या पाण्यात, तळची वाळू आणि गाळ ढवळत खेळतात. आणि विष्ठेतले जिवाणू वरच्या पाण्यापेक्षा त्या गाळात जास्त काळ तग धरून राहतात. तेव्हा नमुना तेथूनच, तेवढ्याच खोलीवरून आणि शक्य तर घाटावर माणसे असतानाच घ्यायला हवा. सकाळी सहाला निर्मनुष्य घाटावर भरलेली बाटली प्रयोगशाळेत छान दिसते, पण तिचा उपयोग शून्य.

बाटल्यांचे शास्त्र वाचायला सोपे आणि हाताला अवघड. जिवाणूंच्या चाचणीची बाटली निर्जंतुक केलेली असते आणि पाण्यात क्लोरीन असल्यास तो निष्प्रभ व्हावा म्हणून तिच्यात आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. म्हणून ती नदीच्या पाण्याने विसळायची नाही. झाकण शेवटच्या क्षणी काढायचे, त्याच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही, बाटलीचे तोंड प्रवाह येतो त्या बाजूला धरून ती वीतभर पाण्याखाली नेऊन भरायची आणि वर बोटभर जागा मोकळी ठेवायची, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना हलवून एकजीव करता येतो. शेजारची प्राणवायूची बाटली याच्या अगदी उलट वागवावी लागते. तिच्यात हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये आणि बूच बसवताना थोडे पाणी बाहेर सांडलेच पाहिजे. तिसरी, साध्या रासायनिक चाचण्यांची बाटली मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्यायची. तिन्ही बाटल्या एकाच पिशवीत, तिघींचे नियम वेगळे, आणि पाय शेवाळलेल्या पायरीवर. नमुना घेणे हे तपासणीपेक्षा हलके काम आहे असे समजणाऱ्या माणसाला एकदा घाटावर उभे करावे.

जिवाणूंचे नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचे असतात. चांदोदहून बडोद्याला येण्यात त्याची अडचण नव्हती. अडचण आली ती अहवालात. ज्या खासगी प्रयोगशाळेकडे आम्ही काम सोपवले होते, तिने फक्त एकूण कोलिफॉर्मचा आकडा पाठवला आणि तोही '१६०० पेक्षा जास्त' असा. या चाचणीत नमुन्याची तीन प्रमाणे, प्रत्येकी पाच नळ्यांत, लॅक्टोज असलेल्या माध्यमात घालतात. प्रत्येक नळीत एक चिमुकली नळी पालथी घातलेली असते. कोलिफॉर्म असले तर ते लॅक्टोज आंबवतात आणि त्या पालथ्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. कोणत्या प्रमाणातल्या किती नळ्यांत बुडबुडा आला त्यावरून तक्त्यातून संभाव्य संख्या काढतात. तिलाच एमपीएन म्हणतात. नेहमीच्या १०, १ आणि ०.१ मिलिलिटर या प्रमाणांत पंधराही नळ्या बुडबुडल्या की तक्ता '१६०० पेक्षा जास्त' एवढेच सांगतो. ते १७०० असतील की दोन लाख, हे त्यातून कळत नाही. 'बी' वर्गाचे ५०० ओलांडले एवढे कळते, पण स्नानाच्या ज्या दुसऱ्या निकषाविषयी पुढे लिहिले आहे त्याची कमाल मर्यादा २५०० आहे आणि त्याच्यासाठी असा अहवाल म्हणजे कोरा कागद. नमुना आणखी पातळ करून तपासा, असे आधीच लेखी कळवावे लागते. पुढच्या वेळेपासून मी ते कळवू लागलो.

फक्त एकूण कोलिफॉर्म मोजून भागत नाही, याचे कारण असे की त्या गटातले कित्येक जिवाणू माती आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातूनही येतात. पहिल्या पावसानंतर तो आकडा वाढला तर त्याचा अर्थ घाटावर सांडपाणी आले असा होईलच असे नाही. स्नानाच्या पाण्यासाठी २००० साली अधिसूचित झालेले प्राथमिक निकष म्हणूनच फीकल, म्हणजे विष्ठेतून येणारे, कोलिफॉर्म पाहतात. ते १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत आणि फार तर २५००. त्यांची खात्री ४४.५ अंश सेल्सियसला वाढवून करतात, कारण त्या तापमानात मातीतले बहुतेक सोबती मागे पडतात. याच निकषांत फीकल स्ट्रेप्टोकोकायही आहेत. ते १०० पर्यंत असावेत, फार तर ५००. हे दुसरे जिवाणू पाण्यात जास्त टिकतात आणि पोहल्यानंतरच्या पोटाच्या तक्रारींशी त्यांचा संबंध अधिक घट्ट आढळल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने मनोरंजनाच्या पाण्यासाठी त्याच गटातल्या एन्टरोकोकायना प्रमाण मानले आहे. या चाचणीचे पैसे वेगळे पडतात आणि म्हणून यादीतून सर्वांत आधी तीच गळते.

शिवाय एमपीएन हा अंदाज असतो, मोजणी नव्हे. पाच नळ्यांच्या तक्त्यात ज्या जुळणीला ५०० हे उत्तर येते, तिची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता असते तो पट्टा, सुमारे २०० ते २००० असा पसरलेला असतो. आमच्या गटातले एक निवृत्त हिशेबनीस हे ऐकून अस्वस्थ झाले. ताळेबंदात असला आकडा आला असता तर आपण सहीच केली नसती, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे रास्त होते. एका बाटलीवरून घाट पास की नापास ठरवणे म्हणजे एका षटकावरून फलंदाजाची निवड करणे. अनेक बाटल्या, वेगवेगळ्या ऋतूंत, गर्दीच्या आणि बिनगर्दीच्या दिवशी घ्याव्या लागतात. आणि मग त्या आकड्यांचे काय करायचे हा नवा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न कोरड्या गणिताचा वाटतो, पण मुलांच्या पोटाशी त्याचा थेट संबंध आहे. समजा तीन नमुन्यांत १००, १०० आणि १०,००० असे जिवाणू आले. साधी सरासरी ३४०० येते आणि घाट नापास ठरतो. जिवाणूंच्या आकड्यांसाठी रूढ असलेली भूमितीय सरासरी (येथे तिन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे घनमूळ) काढली तर ती ४६४ च्या आसपास येते आणि घाट ५०० च्या आत बसतो. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. भूमितीय सरासरी नदीची नेहमीची प्रकृती सांगते, पण ज्या एका दिवशी पाणी खरोखर वाईट होते तो दिवस ती पोटात घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात म्हणून शंभरांपैकी पंचाण्णव नमुने ज्या आकड्याच्या आत येतात तो आकडा पाहतात. एन्टरोकोकायसाठी तो ४० च्या आत असला तर सर्वांत चांगला वर्ग, मग २०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे सर्वांत वाईट. मला हीच रीत पटते. सहलीला गेलेले मूल सरासरी पाण्यात उतरत नाही, त्या दिवशीच्या पाण्यात उतरते.

स्नानाच्या वहीत एक पान पाण्याच्या रसायनाशी काहीही संबंध नसलेले आहे. मनोरंजनाच्या पाण्यातला सर्वांत मोठा धोका बुडण्याचा असतो. नर्मदेवर वर सरदार सरोवर आहे, विसर्ग वाढला की खालची पातळी वाढते, आणि वाळूच्या पात्रात काल गुडघाभर असलेली जागा आज गळ्याएवढी असू शकते. नर्मदेतही मगरी आहेत. जिवाणूंचा अहवाल उत्तम आला म्हणून या गोष्टी हलक्या होत नाहीत. यापेक्षा जास्त त्यावर लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही. स्थानिक नावाड्यांना विचारावे आणि ते सांगतील ते निमूटपणे ऐकावे.

माशांची वही विश्वामित्रीवर भरली. ही नदी पावागढच्या डोंगरातून निघते, बडोद्याच्या मधून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. पावसाळा सरला की वरून येणारा प्रवाह रोडावतो आणि शहरातल्या पात्रात नाल्यांतून येईल ते पाणी उरते. येथे काठावर उतरून बाटली भरण्याचा प्रश्नच येत नाही. मगर ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे आणि तिच्या घरी आपण पाहुणे आहोत, ही गोष्ट बडोदेकराला शिकवावी लागत नाही. नमुने पुलावरून दोरीने घ्यावे लागतात. बादली सोडून पाणी ओढले तर ती आदळता-हिंदकळताना त्यात हवा मिसळते आणि प्राणवायूचा आकडा खोटा चढतो. त्यासाठी जड बुडाचा एक डबा मिळतो. त्याच्या आत ३०० मिलिलिटरची बाटली ठेवायची असते आणि झाकणातून आलेली नळी बाटलीच्या तळापर्यंत पोहोचते. पाणी आधी बाटलीत तळापासून चढते, ती भरून वाहू लागते, आणि डबा भरेपर्यंत हवेशी संपर्क आलेले सुरुवातीचे पाणी बाटलीतून निघून गेलेले असते. पुलावर दोरी सोडून उभ्या असलेल्या आम्हा दोघांना पाहून येणाजाणाऱ्यांना वाटे की काहीतरी पडले आहे आणि आम्ही ते शोधत आहोत.

त्यानंतरचे काम जागेवरच करावे लागते, कारण बाटलीतले जिवाणू घरी पोहोचेपर्यंत प्राणवायू खात राहतात. विंकलर पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि मीटर आले तरी मी तिच्यावर जास्त विसंबतो. पिपेटचे टोक पाण्याखाली बुडवून आधी मँगनीज सल्फेट सोडायचे, मग अल्कली, आयोडाइड आणि अझाइड यांचे द्रावण; बूच लावून बाटली पुनःपुन्हा उलटी-सुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो. जितका प्राणवायू अधिक, तितका रंग गडद. तो खाली बसला की सल्फ्युरिक आम्ल घालायचे, साका विरघळतो आणि आयोडिनचा पिवळा रंग उरतो. मग सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे ते थेंबथेंब घालून किती लागले ते मोजणे. रंग फिकट झाला की स्टार्चचे थेंब, द्रावण गर्द निळे होते, आणि नेमक्या एका थेंबाला तो निळा नाहीसा होतो. २०० मिलिलिटर नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतले तर जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरमागे, इतका सरळ हिशेब आहे.

शहराच्या आतल्या एका पुलावर भाचीने ही दोन्ही द्रावणे घातली आणि बाटलीत साका धरला तो पांढरा. तिला वाटले की काही तरी घालायचे राहिले. राहिले काहीच नव्हते. मँगनीजचा हायड्रॉक्साइड मुळात पांढराच असतो, तपकिरी होण्यासाठी त्याला प्राणवायू लागतो, आणि त्या बाटलीत तो नव्हता. पुढचे टायट्रेशन करायची गरजच उरली नाही. त्याच वेळी पुलाच्या खालच्या अंगाला गाळाच्या उंचवट्यावर एक मगर जबडा उघडून ऊन खात पडली होती.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर त्या बाटलीत होते. मगर फुप्फुसांनी हवेत श्वास घेते. पाण्यात प्राणवायू शून्य असला तरी तिचा श्वास अडत नाही. मऊ पाठीची कासवेही नाक वर काढून हवा घेतात. मागूर मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, तिलापिया इतरांना न सोसणारे पाणी बराच काळ सोसते. म्हणजे नदीत जे ठळकपणे दिसते ते बहुतेक हवेवर जगणारे, आणि ज्यांना कल्ल्यांवर जगावे लागते ते आधीच निघून गेलेले असतात; जे नाहीत ते कोणाला दिसत नाहीत. मगरींची संख्या हे मगरींना अन्न, बिळांसाठी काठ आणि कायद्याचे संरक्षण मिळाल्याचे लक्षण आहे. पाण्याच्या गुणवत्तेची ती साक्ष नाही. अर्थात, उद्या काठ दगडी बांधून काढले तर पाणी कितीही शुद्ध केले तरी मगर टिकणार नाही, हेही त्याच वहीत लिहावे लागते.

शहराच्या वरच्या बाजूला, जिथे पाणी थबकून हिरवट होते, तिथे वेगळाच प्रकार पाहायला मिळाला. भर दुपारी तिथला साका गडद तपकिरी आला, निकषाच्या कितीतरी वर. शेवाळ उन्हात प्राणवायू बाहेर टाकते, म्हणून. पण रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेते, आणि तळातला गाळ तर चोवीस तास ओढत असतो. त्यामुळे पहाटे सूर्य उगवायच्या आधी सर्वांत कमी पातळी येते. २० अंशांच्या गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे बडोद्याच्या उन्हाळ्यात शिल्लकच मुळात कमी. मासे मरतात ते पहाटे, आणि सरकारी असो वा खासगी, नमुना घेणारी गाडी साधारण अकरा वाजता येते. आम्ही पहाटेच्या अंधारात त्याच जागी पुन्हा बाटली भरली तेव्हा साका इतका फिका होता की दोन्ही बाटल्या एकाच नदीच्या आहेत, हे दाखवायला लेबल वाचावे लागले.

अमोनियाचे घड्याळ याच्या उलट चालते. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, आयनरूपात आणि मुक्त. माशाच्या कल्ल्यांना जाळतो तो मुक्त. सामू आणि तापमान वाढले की मुक्त रूपाचा वाटा वाढतो. २५ अंशांना सामू ७ असताना तो वाटा एक टक्काही नसतो, ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ९ ला एक-तृतीयांशाच्याही पलीकडे. दुपारी शेवाळ पाण्यातला कर्बवायू शोषून घेते, त्यामुळे सामू चढतो, ऊनही असते. म्हणून एकूण अमोनिया तेवढाच असूनही पाणी दुपारी अधिक विषारी होते. प्राणवायूसाठी पहाट वाईट, अमोनियासाठी दुपार. एका भेटीत दोन्ही सापडत नाहीत. आणि 'डी' वर्गातली १.२ ची मर्यादा मला फारच सैल वाटते. युरोपात १९७८ च्या मत्स्यजल निर्देशात मुक्त अमोनियाला ०.०२५ मिलिग्रॅमची मर्यादा होती.

दोन वह्या एकमेकींच्या विरोधात जातात याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण क्लोरीनचे आहे. सांडपाणी शुद्ध करून शेवटी क्लोरीन देऊन नदीत सोडले, तर जिवाणूंचा आकडा कोसळतो आणि स्नानाच्या वहीत पाणी उत्तम ठरते. नळाच्या पाण्यात आपण लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन असावा, अशी अपेक्षा धरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातील जीवांसाठी दीर्घकालीन मर्यादा ०.०११ मिलिग्रॅम धरली आहे. घरात मत्स्यपात्र ठेवणारा कोणीही नळाचे पाणी थेट का ओतत नाही, ते यातूनच कळते. तेव्हा जंतू मारून 'नदी सुधारली' असे जाहीर करणाऱ्याला मी आता नेहमी विचारतो की क्लोरीन नंतर काढून टाकला का.

रसायनांचे आकडे त्या क्षणाचे असतात; मागच्या आठवड्यात काय वाहून गेले ते त्यांना ठाऊक नसते. त्यासाठी तळातले किडे पाहावे लागतात आणि तिथे माझी भाची शिक्षिका होती. पावसाळ्यानंतर पावागढच्या बाजूला, दगडगोट्यांच्या पात्रात, तिने जाळे प्रवाहात आडवे धरले आणि मला त्याच्या वरच्या अंगाला पायाने दगड घुसळायला लावले. जाळ्यात आलेला कचरा पांढऱ्या परातीत ओतून थोडे थांबले की कचऱ्याचे तुकडे चालू लागतात. मेफ्लाय या कीटकाची पिल्ले तिने लगेच ओळखली: शेपटीला धाग्यासारखे तीन केस आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे थरथरणारे कल्ले. केंद्रीय मंडळाच्या जैविक पद्धतीत अशा प्रत्येक कुळाला गुण असतात; स्वच्छ पाण्याशिवाय न जगणाऱ्यांना दहापर्यंत, काहीही सोसणाऱ्यांना एक-दोन. शहराच्या खाली पुलावरून दोरीने गाळ उचलणारा पंजा सोडून काढलेल्या गाळात मात्र दोनच प्रकार भरपूर होते, ट्युबिफेक्स या बारीक कृमींचे गुंते आणि ब्लडवर्म नावाच्या लालभडक अळ्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो तिथे असेल तेवढा धरून ठेवण्याची ती सोय आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे आणि ती आम्हाला येथेच भेटली. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरानंतर २०२५ मध्ये शहरातले पात्र खोल आणि रुंद करण्यासाठी मोठी खोदाई झाली. तळ खरवडला गेला की किडे जातात, मग पाणी कसेही असो. त्या पट्ट्यातले त्यानंतरचे किड्यांचे गुण सांडपाण्याविषयी बोलतात की यंत्राविषयी, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून तिथली पाने भाचीने वहीत ठेवली, पण तुलनेत धरली नाहीत.

वर्षअखेरीच्या बैठकीत चिटणीसांनी नकाशा मांडला आणि प्रत्येक ठिकाणी हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका द्या म्हणाले. "काका, लोकांना वाचायला वेळ नसतो," हा त्यांचा मुद्दा मी नाकारला नाही. आम्ही प्रत्येक ठिकाणी दोन ठिपके दिले, एक माणसाचा आणि एक माशाचा, आणि प्रत्येकाखाली महिना व वेळ लिहिली. चांदोदच्या घाटाखाली एवढेच लिहिले की गर्दीच्या पर्वणीला आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर लहान मुलांना बुडी मारू देऊ नये, पाणी तोंडात जाणार नाही असे पाहावे, जखम उघडी असेल तर उतरू नये, आणि एरवी नावाड्याने दाखवलेल्या जागीच स्नान करावे. विश्वामित्रीच्या शहरातल्या पट्ट्याला माणसाच्या बाजूने ठिपकाच दिला नाही. तिथे पाण्यात उतरण्याचा प्रश्न मगरीने केव्हाच निकालात काढला आहे.

त्यानंतर चर्चा खर्चाकडे वळली. हिशेबनिसांनी ठिकाणे तेवढीच ठेवून स्ट्रेप्टोकोकायची चाचणी वगळायचे सुचवले. मी ठिकाणे निम्मी करून चाचणी ठेवायचे सुचवले, भाचीने पहाटेच्या फेऱ्यांना हात लावू नका म्हणून बजावले. शेवटी ठिकाणे कमी झाली. कार्तिकी पौर्णिमेच्या दिवशी चांदोदचे नमुने गर्दी ओसरण्याआधी, पायऱ्यांपासून चार हातांवरच घ्यायचे ठरले आहे. प्रयोगशाळेला नमुने जास्त पातळ करून तपासण्याचे पत्र मी आधीच देऊन ठेवले आहे.